टाकी, सातशे वीस मीटर

नदीच्या अलीकडे एक विमानतळ होता आणि पलीकडे एक. मधे पूल आणि दीड तासाचा रस्ता. एवढ्याशा टापूत दोन विमानतळ कशाला, हा प्रश्न बांधताना कोणाला पडला नाही आणि आता पडून उपयोग नव्हता. दोन्हीकडे एकेक धावपट्टी, एकेक आगीचा बंब आणि एकमेकांच्या नावाने खडे फोडणारी माणसं. अलीकडच्यांनी दर्शनी दालनात कारंजं बसवलं, की सहा महिन्यांत पलीकडे माशांची काचपेटी यायची. पलीकडच्यांनी विमान कंपनीच्या साहेबलोकांना जेवायला बोलावलं, की अलीकडचे त्यांना मुक्कामालाच बोलवायचे. कंपन्या हुशार. त्या दोन्हीकडे जेवायच्या आणि ढेकर पलीकडे जाऊन द्यायच्या.

पंधरा वर्षांपूर्वी अलीकडे पाच कंपन्यांची विमानं उतरत. एकेक करून चार कंपन्या पलीकडे गेल्या. राहिलं एक विमान. मोठ्या शहरातून सकाळी साडेसातला यायचं आणि सव्वाआठला परत जायचं. सत्तर खुर्च्यांचं, पंख्यांचं, जरा म्हातारंच. सामान चढवणारे, बंबवाले, तिकीटखिडकीवरच्या मुली, झाडलोट करणाऱ्या बायका, चहाचा ठेला चालवणारं जोडपं, अशा चाळीसेक माणसांचं पोट त्या एका विमानावर होतं. ते उतरलं की सगळे कामाला लागायचे आणि ते उडालं की उद्याची वाट बघायचे.

या चाळिसांत एक हवामानाचा निरीक्षक होता. सगळे त्याला मीटरदादा म्हणत. वय सत्तावन्न, निवृत्तीला एक वर्ष. काम सांगायला सोपं होतं. दर अर्ध्या तासाने गच्चीवर जायचं, चहूकडे बघायचं आणि किती लांबचं दिसतंय ते वहीत लिहून मनोऱ्यात कळवायचं. किती लांबचं हे ठरवायला गच्चीच्या दाराशेजारी एक पाटी होती. तिच्यावर खुणा आणि त्यांची अंतरं. सामानाची जुनी शेड, अडीचशे मीटर. पाण्याची टाकी, सातशे वीस. गिरणीची चिमणी, एक हजार पन्नास. पुलाचा खांब, अडीच हजार. टेकडी, पाच हजार. सगळ्या खुणा पूर्वेला, नदीच्या दिशेने, जवळजवळ एका रांगेत. धुकंही तिकडूनच यायचं. पश्चिमेला उघडं माळरान, खूण म्हणून धरायला झुडूपही नाही. टाकी दिसते पण चिमणी दिसत नाही, म्हणजे लिहायचं सातशे. आणि नियम असा, की आकडा आठशेच्या खाली गेला की विमान उतरवायचं नाही. मग ते दोन-तीन घिरट्या घालून पलीकडे जायचं आणि माणसं पुलावरून बसने घरी यायची.

पलीकडे हे बघायला यंत्र होतं. अलीकडच्यांनी यंत्र मागून नऊ वर्षं झाली होती, कागद वर कुठेतरी अडकला होता. "यंत्र कशाला? आपल्याकडे दादा आहे," असं विमानतळाचे साहेब आल्यागेल्याला सांगत. दादा होताच तसा. डोळे अजून धड, चष्मा फक्त वाचायला. चौतीस वर्षांत त्याने न बघता एकही आकडा लिहिला नव्हता. पावसात छत्री धरून बघितलं, तापात अंगाभोवती चादर गुंडाळून बघितलं. त्याच्या जोडीचा दुसरा निरीक्षक मात्र सढळ हाताचा. त्याचं नावच उदारराव पडलं होतं. टाकीची नुसती शंका आली तरी तो हजार लिहून मोकळा व्हायचा. "दिसली नाही म्हणून काय झालं? आहे ना ती तिथेच?" असं वर म्हणायचा. त्यावरून दादाने त्याच्याशी दोनदा कडाक्याचं भांडण केलं होतं आणि पुढे धुक्याच्या दिवसांतल्या सकाळच्या पाळ्या स्वतःकडेच ओढून घेतल्या होत्या.

दादाचा धाकटा भाऊ त्याच विमानतळावर सामान चढवायचा. घर एकच, खाली दादा आणि वर धाकटा. धाकटा आधी मोठ्या शहरात एका गोदामात कामाला होता. सात वर्षांपूर्वी आईने अंथरूण धरलं आणि डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. रेल्वेने चौदा तास लागायचे, म्हणून धाकटा जन्मात पहिल्यांदा विमानात बसला.

त्या सकाळी धुकं होतं. दादा रजा घेऊन आईच्या उशाशी बसला होता, म्हणून पाळी उदाररावाची होती. खिडकीबाहेरचं पांढरं बघून त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. उदारराव डोळे चोळत काहीतरी ठोकून देईल आणि विमान भलतीकडेच आदळेल, ही भीती त्याच्या मनातून जाईना. आईच्या ते लक्षात आलं. आईचा आयुष्यभर असा समज होता, की थोरला विमानं हाताने धरून खाली उतरवतो. कितीदा सांगूनही तो गेला नव्हता, आणि खरं तर दादाने फार जोर लावून तो घालवलाही नव्हता. ती म्हणाली, "तू जा. तू असलास तरच येईल ते खाली."

तो गेला. उदाररावाला उठवून त्याची खुर्ची घेतली आणि गच्चीवर जाऊन उभा राहिला. टाकी फिकट का होईना, दिसत होती. चिमणी नव्हती. वर कुठेतरी विमानाचा आवाज घुमत होता आणि त्यात सख्खा भाऊ होता. आठशे लिहायला हात शिवशिवत होता. त्याने सातशे लिहिलं. विमान तीन घिरट्या घालून पलीकडे गेलं. दादा घाईघाईने घरी पोचला तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती. धाकटा पोचला तेव्हा दोन तास. उशाशी होती ती फक्त दादाची बायको.

नंतर एकदा धाकटा म्हणाला होता, "वरून सगळं दिसत होतं रे. धावपट्टीसुद्धा." दादाने त्याला समजावून सांगितलं. वरून सरळ खाली बघताना धुक्याचा थर पातळ लागतो. वैमानिकाला तिरकं बघत उतरायचं असतं आणि तिरकं बघताना तोच थर जाड होतो. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. "तू बघितलंस ना? मग झालं," म्हणाला. तो पुन्हा शहरात गेला नाही. आई गेली, आता निदान भाऊ तरी डोळ्यांसमोर असावा, म्हणून त्याने याच विमानतळावर ओझी उचलायचं काम धरलं.

यंदा थंडीच्या तोंडाशी कंपनीचं पत्र आलं. या भागात यापुढे एकाच विमानतळावर उतरायचं ठरलं आहे, दोघांनी आपापली माहिती महिन्याभरात पाठवावी, कुठे उतरायचं ते कंपनी कळवील. सोबत कंपनीने स्वतः काढलेला तक्ता होता. धावपट्टीची लांबी सारखी, प्रवासी अलीकडे थोडे जास्त, शहर अलीकडून जवळ. सगळं अलीकडच्यांच्या बाजूचं होतं, एक ओळ सोडून. धुक्यामुळे माघारी गेलेली विमानं, गेल्या दहा वर्षांत: अलीकडे त्रेसष्ट, पलीकडे चौदा.

"नदी तीच, धुकं तेच," साहेब तक्ता हातात नाचवत म्हणाले, "मग त्रेसष्ट आणि चौदा कसे?"

सगळे गच्चीकडे बघू लागले. साहेब स्थूल होते. जिना चढून वर आले ते कठडा धरून दोन मिनिटं नुसते श्वास घेत राहिले.

"दादा, तुम्ही खोटं लिहा, असं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणताय?"

"जरा मोठ्या मनाने बघा."

"मनाने बघायचं असतं तर मला कशाला ठेवलंत, साहेब?"

"चाळीस घरं आहेत हो खाली."

"आणि विमानात सत्तर माणसं असतात."

साहेब आले तसे उतरून गेले. पण ही गोष्ट त्यांच्याआधी खाली पोचली होती. चहाच्या ठेल्यावर बोलणी सुरू झाली. एक बंबवाला म्हणाला, मीटरदादाला पलीकडच्यांनीच पाळलंय. दुसरा म्हणाला, पाळलं नाही, दत्तक घेतलंय. सगळे हसले. धाकटा तिथे पाठमोरा उभा होता, ते त्यांनी बघितलं नव्हतं. त्याने हातातला पेला खाली ठेवला.

"या माणसाने सख्ख्या भावाचं विमान माघारी पाठवलंय," तो म्हणाला. "आई शेवटचा श्वास घेत होती तेव्हा. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही, पण याने आकडा बदलला नाही. त्याला तुम्ही शिकवणार?"

हे सगळं दादाला चहावालीने सांगितलं. दादाला बरं वाटलं. लहान मुलाला शाबासकी मिळाल्यावर वाटतं तितकं बरं वाटलं, आणि तेवढ्यापुरती आईची ती सकाळही जरा हलकी झाली.

कंपनीला पाठवायच्या माहितीत आजूबाजूच्या उंच वस्तूंची नव्याने केलेली मोजणी जोडायची होती. त्यासाठी एक मोजणीवाली मुलगी आली. तिने गच्चीवर तिपाई मांडली आणि तिच्यावर डब्याएवढं यंत्र चढवलं. ते ज्याच्यावर रोखायचं त्याचं अंतर आकड्यांत उमटायचं. दादा हौसेने शेजारी उभा राहिला. खुणांची ओळख करून द्यायला त्याच्याइतका जाणता माणूस त्या गावात नव्हता.

"ती टाकी," तो म्हणाला. "सातशे वीस."

मुलीने यंत्र रोखलं. "अकराशे चाळीस."

"नाही हो. सातशे वीस."

"काका, यंत्राला खोटं बोलून काय मिळणार? अकराशे चाळीस."

"दुसरी टाकी धरली असेल तुम्ही."

"दुसरी आहे का?"

दुसरी नव्हती. मुलीने चिमणी बघितली. एक हजार पन्नासच्या जागी चौदाशे सत्तर. पुलाचा खांब अडीच हजारांच्या जागी दोन हजार नऊशे अठरा. तिने वहीच्या कोपऱ्यात वजाबाक्या केल्या आणि पाटीसमोर जाऊन उभी राहिली.

"प्रत्येक ठिकाणी चारशे वीसच्या आसपास फरक येतोय," ती म्हणाली. "म्हणजे मोजलं होतं नीटच, पण इथे उभं राहून नाही. ही पाटी आणली कुठून तुम्ही?"

दादाने सवयीने पूर्वेकडे बोट दाखवलं. तिकडे जुनी इमारत होती, आता तिचं कोठार झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी नवी इमारत झाली तेव्हा पलीकडच्यांचंही नव्या इमारतीचं काम चालू होतं आणि त्यांच्या आधी आपलं उद्घाटन उरकायची इथे नुसती धांदल उडाली होती. हवामानाची खोली एका दुपारीत हलवायची होती. पाटी दादाने स्वतःच भिंतीवरून काढली. स्क्रू खिशात ठेवले, रुमालाने पाटी पुसली, काखेत मारली आणि पश्चिमेला चालत नव्या इमारतीत येऊन त्याच स्क्रूंनी ठोकली. ते चालणं सात-आठ मिनिटांचं होतं. पाटीवर अंतरं लिहिलेली होती. ती कुठून मोजलेली, हे लिहिलेलं नव्हतं आणि तसा प्रश्न कोणाला पडला नाही. दादालाही पडला नाही. टाकी रोज दिसायची तिथेच दिसत होती, जरा लहान दिसत असेल, पण नव्या जागी सगळंच वेगळं दिसत होतं.

"अहो, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही," मोजणीवाली तिपाई मिटत म्हणाली. "चूक झाली ती चांगल्या बाजूने झाली. खरं दिसत होतं त्यापेक्षा कमी लिहिलंत तुम्ही. धोका कोणालाच नव्हता."

दादा हसला. म्हणजे हसल्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं. ती गेल्यावर तो खाली हवामानाच्या खोलीत आला, दार लावलं आणि वह्यांचं कपाट उघडलं. अकरा वर्षांच्या वह्या होत्या. त्याने मधलीच एक उपसली, सात वर्षांपूर्वीची. तारीख शोधावी लागली नाही.

"साडेसात. टाकी दिसते, चिमणी नाही. ७००."

त्याचंच अक्षर, टपोरं आणि सरळ. टाकी दिसत होती म्हणजे अकराशे चाळीस मीटर दिसत होतं. उतरायला आठशे पुरत होते. विमान खुशाल उतरलं असतं. धाकटा पावणेआठला बाहेर पडला असता आणि आठला घरी. आई सव्वाआठला गेली.

मग दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात आली आणि तो वह्यांच्या कपाटाशेजारी जमिनीवरच बसला. पाळी उदाररावाची होती. तो टाकीकडे अर्ध्या डोळ्याने बघून हजार लिहून मोकळा झाला असता, आणि त्या आळशी माणसाचा तो हजार खरा ठरला असता. दादा आईच्या उशापासून उठून गेलाच नसता तर विमान उतरलं असतं. दोघं भाऊ तिच्याजवळ असते. तो गेला म्हणून ते खाली आलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने त्रेसष्टच्या त्रेसष्ट सकाळी तपासल्या. बत्तीस सकाळी टाकीही दिसत नव्हती. तेव्हा विमान माघारी गेलं ते योग्यच होतं. एकतीस सकाळी टाकी दिसत होती. त्या एकतीस वेळा विमान उगाच माघारी गेलं होतं. हे कंपनीला कळवलं तर अलीकडच्या नावावरची निम्मी माघार पुसली जाणार होती आणि विमानतळ वाचण्याची शक्यता होती. आणि हे कळवलं की धाकट्याला कळणार होतं.

दोन दिवस त्याने काहीच केलं नाही. घरी जेवण जाईना. बायकोने विचारलं तेव्हा पोट बिघडल्याचं सांगितलं. वर धाकट्याच्या पावलांचा आवाज यायचा आणि दादा ताटावरून उठायचा. तिसऱ्या दिवशी त्याने कागद घेतला आणि यादी करायला बसला. तारीख, वेळ, लिहिलेला आकडा, खरा आकडा. हळूहळू लिहीत गेला. सात वर्षांपूर्वीची ती तारीख आली तेव्हा त्याने पेन उचललं आणि पुढची तारीख लिहिली. एकतीस दाखवले काय आणि तीस दाखवले काय, कंपनीला तेवढ्याने फरक पडत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण आकडा माहीत असून न लिहिण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

साहेबांनी यादी वाचली आणि खुर्चीतून उठून त्याला मिठीच मारली.

"दादा, तुम्ही वाचवलंत आम्हाला!"

"मी बुडवलंय, साहेब. अकरा वर्षं."

पण साहेब ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी यादी टंकून कंपनीला धाडली आणि आनंदाच्या भरात तिची एक प्रत दालनात, कारंज्याशेजारच्या फळ्यावर लावली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'या तीस सकाळी विमान उतरू शकलं असतं.' लोकांना उमेद वाटावी, एवढाच त्यांचा हेतू.

लोकांना उमेद वाटली. पण त्यांनी तारखाही वाचल्या. तिकीटखिडकीवरच्या मुलीला एक तारीख ओळखीची निघाली; त्या दिवशी तिचं विमान आलं नाही म्हणून परत गेलंही नाही, आणि शहरातली नोकरीची मुलाखत बुडाली होती. "आज कुठल्या कुठे असते मी, दादा," ती हसत हसत म्हणाली, पण जाताना हसत नव्हती. चहावाल्याला त्याच्या मुलीच्या लग्नाची सकाळ सापडली. वऱ्हाड पलीकडे उतरलं होतं आणि मुहूर्त टळून गेल्यावर पोचलं होतं. झाडणाऱ्या एका बाईने तारखा वाचता येत नाहीत म्हणून दुसरीकडून वाचून घेतल्या, शेवटपर्यंत ऐकल्या आणि झाडू उचलला. दादा दालनातून जायचं टाळू लागला.

धाकटा फळ्यासमोर उभा राहिला ते दादाने जिन्यावरून बघितलं. टोपी काढून हातात धरली होती. वरून खाली बोट फिरवत त्याने यादी वाचली, पुन्हा वरून वाचली, आणि टोपी घालून सामानाच्या गाडीकडे गेला. त्या दिवशी तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरी यायचा, जेवायचा, वर जायचा. दादाने मनात वाक्यं जुळवायला सुरुवात केली. यादीत एक सकाळ कमी आहे. ती मी मुद्दाम गाळली. टाकी दिसत होती. रोज तो ही वाक्यं घेऊन घरी जायचा आणि रोज धाकट्याचा जिना चढायच्या आधी परत फिरायचा.

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं उत्तर आलं. साहेबांनी सगळ्यांना दालनात जमवून ते वाचलं. आधी मनात, मग मोठ्याने. अलीकडच्यांच्या प्रांजळपणाचं कंपनीला कौतुक वाटलं होतं. परंतु ज्या विमानतळाला स्वतःची पाण्याची टाकी किती लांब आहे हे अकरा वर्षं ठाऊक नव्हतं, त्याच्या इतर आकड्यांवर विसंबणं कंपनीला कठीण वाटत होतं. सबब, महिन्याअखेर विमान पलीकडे हलवण्यात येत होतं. कोणी दादाकडे बघितलं नाही. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या, आणि कदाचित जरा बरंही वाटलं असतं.

शेवटचं विमान आलं त्या दिवशी हवा अशी स्वच्छ होती, की टेकडीवरची झाडं मोजून घ्यावीत. धाकट्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सामान उतरवलं, दुसरं चढवलं, पोटाचा दरवाजा लावला. सव्वाआठला विमान उडालं. बंबवाले रांगेत उभे राहिले, तिकीटखिडकीवरच्या मुली दालनाच्या काचेला टेकून रडल्या. दादा गच्चीवर होता. नोंदवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तरी तो वही उघडून बसला होता.

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा सात वर्षांत कधी गच्चीवर आला नव्हता. सामानवाल्यांना वर यायची परवानगी नव्हती. आज कोण अडवणार? तो कठड्याशी आला आणि पूर्वेकडे बघू लागला.

"ती का टाकी?"

"हो."

"जवळ वाटते."

धाकट्याने हातमोजे काढून कठड्यावर ठेवले.

"यादी बघितली मी," तो म्हणाला. "दोनदा बघितली. तो दिवस नाहीये त्यात."

"हं."

"त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. पण वाटलं, तुझ्या तोंडून ऐकावं. आणि विचारायचा धीर होईना रे. तू हो म्हणाला असतास तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही." तो अजून टाकीकडेच बघत होता. "त्या दिवशी टाकी दिसत होती का, दादा?"

सगळी वाक्यं दादाजवळ तयार होती. तीन आठवडे घोटलेली. त्याने भावाकडे बघितलं. सात वर्षं ओझी उचलून एका बाजूला झुकलेला खांदा, कानाशी पांढरे झालेले केस. हा माणूस सात वर्षं ठेल्यावर, घरात, चारचौघांत एकच गोष्ट सांगत आला होता, की दादाने बघितलं म्हणजे बघितलं, आणि तेवढ्यावर त्याने आईचं ते न झालेलं दर्शन सोसलं होतं.

"नव्हती," दादा म्हणाला. "काहीच दिसत नव्हतं. शेडसुद्धा नाही."

धाकट्याने मोठा श्वास सोडला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग झालं." मग हळूच म्हणाला, "पण मग तू उगाच गेलास रे त्या दिवशी. विमान तर उतरणारच नव्हतं. घरी थांबला असतास तर निदान तू तरी असतास तिच्याजवळ. मला नेहमी माझंच वाईट वाटायचं. तुझं कधी सुचलंच नाही."

दादाने कठडा धरला. आवरायचा फार प्रयत्न केला, पण रडू आलं ते आलंच, आणि सत्तावन्न वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडू लागला. धाकटा गडबडला. मोठ्या भावाला रडताना त्याने आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. तो त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"जाऊ दे रे, दादा. पलीकडे माणसं लागतीलच त्यांना, होईल काहीतरी आमचं. आणि तुझं तर एकच वर्ष राहिलं होतं. इतकं मनाला लावून घेऊ नये विमानतळाचं."

दादाने मान हलवली आणि त्याला तसंच वाटू दिलं.